जिन्यावरची दहा मिनिटं

हॉस्पिटलात त्यांना सगळे ‘दहा मिनिटंवाल्या बाई’ म्हणायचे. सव्वीस वर्षं सर्व्हरची खोली सांभाळली त्यांनी. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी तीनला अपडेट, आणि त्याआधी अठरा विभागांना स्वतः फोन: "कामं सेव्ह करा हो, दहा मिनिटं सगळं बंद!" पडद्यावर सूचना पाठवता आली असती की! पण सूचना कोण मेलं वाचतंय?

बंद म्हणजे काय, छोटी सुट्टीच ती. जो तो हातातलं काम टाकून चहाचा कप घेऊन मागच्या जिन्यावर. एक्स-रे विभागात काम करणारे बाईंचे यजमान तिथले राजे. बड्या डॉक्टरांच्या अशा नकला करायचे की ऐकणाऱ्यांची हसून हसून पुरेवाट व्हायची. फोनवर दर वेळी बाईंना म्हणायचे, "अगं, एकदा तरी ये ना जिन्यावर."

"सर्व्हर उठल्याशिवाय मी हलायची नाही," बाई ठणकावायच्या. मग खालून हशा ऐकू यायचा आणि वर बाई एकट्याच, पडद्यावरची सरकती रेघ बघत हसायच्या.

दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. हशा मात्र दर महिन्याला यायचाच, आणि त्यात त्यांचाही आवाज आहे असं बाईंना वाटायचं. खुळेपणा म्हणा हवं तर.

या खेपेच्या अपडेटनंतर नव्या सोयींची भलीमोठी यादी आली. जुन्या नोंदी झटक्यात शोधणं, पासवर्डऐवजी बोटाचा ठसा... हव्या त्या सोयीपुढे खूण करायची. बाई भराभर खुणा करत गेल्या आणि शेवटच्या ओळीवर हात अडला: ‘सर्व्हर बंद न करता अपडेट.’

इथे खूण केली की जिन्यावरची दहा मिनिटं कायमची संपली. बाईंचा जीव तीळतीळ तुटला. राहू दे की, कोण विचारणार आहे? पण याच बुधवारी खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी एक्स-रेच्या टेबलावर दहा मिनिटं कण्हत पडल्या होत्या, कारण सर्व्हर बंद होता. तिथल्या तंत्रज्ञ पोरीनेच सांगितलं होतं.

"लाज वाटू दे जरा!" बाईंनी स्वतःलाच दरडावलं आणि खूण केली.

पुढच्या महिन्यातला पहिला बुधवार आला. तीन वाजले. फोन नाहीत, धावपळ नाही. रेघ आपली आपणच पुढे सरकत होती आणि कुणाला पत्ताही नव्हता. बाईंना करण्यासारखं काही उरलंच नाही. त्या उठल्या, खोलीला कुलूप लावलं आणि मागच्या जिन्यावर गेल्या.

तिथे चिटपाखरूही नव्हतं. सगळे आपापल्या कामात. बाई एका पायरीवर बसल्या आणि त्यांना रडू आवरेना.

फाइल घेऊन घाईने चाललेली एक्स-रेवाली पोरगी त्यांना बघून दचकली. "बाई, तुम्ही इथे? या वेळेला? सर्व्हर बंद पडला की काय?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "चालू आहे. म्हणून तर यायला जमलं."