गोरं करून देणार नाही

भातकुलीत गजाला शेख यांचं ब्यूटी पार्लर घराच्या पुढच्या खोलीत आहे. संपत आलेल्या लिपस्टिक, फुटलेल्या आयशॅडो त्या गल्लीतल्या मुलींना खेळायला देतात. मुली ओठांवर मिशा रंगवतात, कपाळ निळं करतात आणि तोंड धुऊन घरी जातात.

२००७च्या जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं आली. कापसाला भाव नव्हता, गावातली बरीच लग्नं पुढं गेली होती. पार्लर चालत होतं ते नाचात उतरणाऱ्या मुलांवर. शेजारच्या माधवीताई सहा वर्षांच्या संबोधीला घेऊन आल्या.

"गजालाताई, इले जरा गोरी करून द्या. मॅडम मांगच्या रांगेत उभी करून राहिल्या."

"लिपस्टिक लावून देतो, काजळ लावतो. गोरी नाही करत."

"कावून? रोज तं पोरी तुमच्याइथं तोंडं रंगवतात."

"ते खेळ हाये. हे तुमी लावाल, तं तिले वाटन आपल्या तोंडातच खोट हाये."

"मंग मी दुसरीकडं जातो."

"जा."

त्या गेल्या, त्यांच्या मागं आणखी दोघी आया गेल्या. गजालांचे पती इनायतुल्ला म्हणाले, "पार्लर चालवतं का शाळा?" धंद्याचे दिवस तेवढेच होते, हे गजालांनाही कळत होतं.

दुसऱ्या पार्लरमध्ये पांढरीफटक होऊनही संबोधी मागच्याच रांगेत नाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी माधवीताई शाळेत गेल्या आणि मॅडमना त्याचं कारण विचारलं.