हळूकाका

आमचे हे गिटार वाजवतात. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी "अरे वा" म्हणतो आणि मग विचारतो, आणि काम काय करतात? पूर्वी मला राग यायचा. त्या रागात एखाद्याला जरा जोरात टोचलंही असेल, देव जाणे. आता मी सांगते, हेच काम करतात, मूठ घट्ट आवळा, आणि सुई आत घालते. मी लॅबमध्ये रक्त काढते. सव्वीस वर्षं झाली.

ह्यांचं काम म्हणजे शनिवार-रविवार अकरा ते तीन एका मोठ्या हॉटेलच्या तळमजल्यावरचं कॉफी शॉप. एरवी मॉलचा तिसरा मजला, सरकत्या जिन्याशेजारी. नाहीतर कुठे गाड्यांच्या शोरूमचं उद्घाटन, कुठे दातांच्या डॉक्टरांचं संमेलन. एक स्टूल, एक गिटार, शाळेच्या दप्तराएवढा स्पीकर. वाजवतात ते जॅझ. मला समजलेलं सांगते: आधी गाण्याची चाल सरळ वाजवायची, मग तीच मनात धरून आपल्याला हवं तिकडे भटकायचं आणि भटकून वेळेत घरी यायचं. वाजवणारे चौघे असले तर कामं वाटून घेतात. हे एकटे. म्हणजे खालचे जाड सूर अंगठ्याने, वरची चाल बाकीच्या बोटांनी, आणि मधलं जे काय असतं तेही त्यांनीच. अवघड असतं म्हणे. पण अवघड आहे हे कळायला आधी ते ऐकू तर यायला पाहिजे.

त्यांच्या स्टुलाच्या डावीकडे रस काढायचा मिक्सर, उजवीकडे कॉफीचं मशीन आणि मागे बाथरूमकडे जाणारा बोळ. "बाथरूम कुठे?" हा प्रश्न त्यांना गाण्याच्या फर्माइशीपेक्षा जास्त वेळा विचारला जातो. हात थांबवता येत नाही, म्हणून ते हनुवटीने दाखवतात. कॉफी दळायचं यंत्र एका ठरावीक सुरात गुरगुरतं, ते आड येतं म्हणून निम्मी गाणी हे अर्धा सूर वर चढवून वाजवतात. यंत्राशी इतकं जुळवून घेणाऱ्या माणसाचं माझ्याशी पंख्याच्या वेगावरून वर्षानुवर्षं पटलेलं नाही, ते असो.

या कामाचे नियम आहेत. गाणं संपवायचं नाही, हा पहिला. संपलं की लोकांची पंचाईत होते. एका हातात काटा, दुसऱ्या हातात मोबाइल, टाळ्या वाजवायच्या की नाही कळत नाही, आणि गिऱ्हाईक अवघडलेलं मॅनेजरला चालत नाही. म्हणून शेवट जवळ आला की तो विरघळवायचा आणि तसंच पुढच्या गाण्यात शिरायचं. दुसरा नियम, कुणी मान वळवून पाहिलं की समजायचं आपलं चुकलं. मॅनेजर लांबून तळहात खाली दाबतो. हळू, काका. ते इतक्यांदा झालं की वेटरांनी नावच पाडलं, हळूकाका. हाक मारली तर हे ओ देतात. चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

आणि हे हळू वाजवणं त्यांना शिकवलं कुणी? मी.

लग्नाआधी मी त्यांना एका छोट्याशा हॉलमध्ये ऐकलं होतं. तीस-चाळीस माणसं, पाठीत रुतणाऱ्या खुर्च्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, मैत्रिणीने ओढून नेलं होतं. पण हा माणूस मान खाली घालून वाजवत होता आणि माझ्या शेजारचे एक गृहस्थ खोकला आलेला तसाच दाबून बसले होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खोकून यातलं काही हुकेल याची भीती! मी त्या वेळी ठरवलं, हाच. आई म्हणाली, खुळी आहेस का. होते.

मग मुलगी पोटात होती तेव्हा आमच्या लॅबच्या डॉक्टरांच्या ओळखीने एका हॉटेलच्या उद्घाटनाला ह्यांना वाजवायला बोलावलं. ओळख मी काढली होती, त्यामुळे जीव माझा टांगणीला. हे नेहमीसारखे वाजवायला लागले, मन लावून. डॉक्टरांच्या टेबलावरच्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मी पोट सांभाळत उठले, ह्यांच्याजवळ गेले आणि कानात म्हटलं, "अहो, जरा हळू. लोकांना बोलायचंय."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज कमी केला. तो आजतागायत कमीच आहे. मुलगी शिकून नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली, एवढी वर्षं झाली. मला कुणी कधी बोल लावला नाही. ह्यांनी तर नाहीच. बोल लावला असता तर मी चार शब्द उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते.

ज्यांनी ह्यांना गिटार शिकवली ते सर गेल्या वर्षी वारले. सोळाव्या वर्षापासून हे त्यांच्या घरी पडीक असायचे, बापापेक्षा जवळचे. सरांच्या मुलीचा फोन आला तो रविवारी दीड वाजता, कॉफी शॉपमध्ये, ह्यांच्या दहा मिनिटांच्या सुट्टीत. ह्यांनी फोन ऐकला, पाणी प्यायले आणि तीन वाजेपर्यंत वाजवलं. घरी येऊन मला सांगितलं तेही चप्पल काढता काढता. सर गेले. मग जेवले, नेहमीएवढे. मी विचारलं, तुम्हाला रडू नाही आलं? त्यांनी खरंच विचार केला, म्हणजे मी हरवलेली किल्ली कुठे ठेवलीत असं विचारल्यावर करतात तसा, आणि म्हणाले, "नाही गं. काहीच नाही आलं."

त्या दिवशी मी घाबरले. माझं म्हणाल तर मलाही हल्ली फारसं काही वाटत नाही. दिवसाला साठ हात समोर येतात, शीर सापडते, नळी भरते, कापूस दाबा म्हणायचं. कुणी घाबरट असला तर बडबडत राहायचं, कुठे राहता, मुलं किती, म्हणजे त्याचं लक्ष सुईवर जात नाही. बडबड करणारी मी नसतेच, माझं तोंड असतं. पण माझं ठीक आहे, मी कुठे कलावंत आहे? हे होते. त्या खोकला दाबायला लावणाऱ्या माणसाशी मी लग्न केलं होतं, आणि तो आत कुठे शिल्लक आहे की माझ्या एका वाक्याने केव्हाच संपला, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची छाती नव्हती.

म्हणून सरांची मुलगी पुन्हा फोनवर म्हणाली की आठवणींची सभा ठेवली आहे, दादांनी पाच मिनिटं वाजवावं, तेव्हा ह्यांना न विचारता मी हो म्हटलं. हे रागावले नाहीत. कुठलं वाजवू, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, सरांचं आवडतं, आणि मोठ्याने वाजवा. ते बरं म्हणाले.

सभा संध्याकाळी पाचला, एका शाळेच्या सभागृहात. दीडशे माणसं तरी असतील. सरांचा फोटो, टेबल, माइक, पाण्याची बाटली. ह्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता. मी तिसऱ्या रांगेत बसले, त्यांच्या अगदी समोर. भाषणं संपली, ह्यांचं नाव पुकारलं, आणि सभागृह गप्प झालं. साधं गप्प नाही. पंखे ऐकू यायला लागले. दीडशे माणसं एका माणसाकडे बघत होती.

हे स्टुलावर बसले, गिटार मांडीवर घेतली आणि वर पाहिलं. मग त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मिक्सर शोधत होते की काय कोण जाणे. सुरुवात केली ती इतकी हळू की पहिल्या रांगेतले म्हातारे पुढे वाकले. बोट तारेवरून घसरल्याचं मलासुद्धा कळलं. पुन्हा घसरलं. कपाळावर घाम. चाल पुरी व्हायच्या आत त्यांनी ती विरघळवली आणि दुसरंच काहीतरी सुरू केलं, मग तिसरं. कुठेच शेवट नाही. लोक टाळ्यांसाठी हात वर आणायचे आणि परत मांडीवर ठेवायचे. मनातल्या मनात मी ओरडत होते, अहो, वाजवा ना, आता कुणी नाही हळू म्हणत.

पाचाची दहा मिनिटं झाली तशी माणसं चुळबुळायला लागली. मागे कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी हसलं, एक मोबाइल वाजला आणि तो उचलून एक जण बोलत बोलतच बाहेर गेला. दारात चहाचे कप मांडायला घेतले. बघता बघता सभागृहात गजबज झाली, चांगली बाजारासारखी.

आणि ह्यांचे खांदे खाली आले. मी डोळ्यांनी पाहिलं. मान झुकली, डोळे मिटले, अंगठा खालच्या तारांवर असा चालायला लागला की तसा मी तो पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता. सरांचं गाणं त्यांनी पुन्हा धरलं होतं. आहे, मला वाटलं. आहे हो, आत आहे. मी जागची पुढे सरकले.

तेवढ्यात माझ्या शेजारच्या बाईंनी कोपराला हात लावला. तुम्ही त्या लॅबमधल्या ना, म्हणाल्या. साखरेची तपासणी उपाशीपोटी करायची की जेवून? आणि मी सांगायला लागले. दोन्ही वेळा करायची. आधी उपाशीपोटी, मग जेवल्यावर दोन तासांनी. मध्ये चहा नको. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. त्यांनी रविवारी उघडं असतं का विचारलं, तेही सांगितलं. साडेसात ते बारा. मान वळवून मी समोर पाहिलं तेव्हा हे गिटार पेटीत ठेवत होते आणि लोक चहाकडे निघाले होते.

आम्ही घरी निघालो. हे खुशीत होते. खुशी म्हणजे काय, तर जिना चढताना किल्ली त्यांनी स्वतः काढली. म्हणाले, "सुरुवातीला हात बांधल्यासारखा झाला होता. मग लोक बोलायला लागले, तेव्हा सुटला. सरांचं गाणं मनासारखं वाजलं. ऐकलंस ना?"

खोटं बोलणं मला जड नाही. रोज बोलते, मुंगी चावल्यासारखं होईल फक्त, म्हणते. पण हे नाही बोलता आलं. मी म्हटलं, नाही ऐकलं. एक बाई बोलत होत्या, त्यांना उत्तर देत बसले. ते बरं म्हणाले. वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही, आणि ते न दिसणं मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

मी म्हटलं, "आता वाजवा. माझ्यासाठी. मी कुठे जात नाही, कुणाशी बोलत नाही."

ते नाही म्हणाले नाहीत. पेटी उघडली, पलंगाच्या कडेला बसले, तारा जुळवल्या. मी समोर खुर्ची घेतली. खिडक्या बंद होत्या. वरच्या मजल्यावरचे गावाला गेले होते. त्यांनी बोटं तारांवर ठेवली आणि तशीच ठेवली. मी वाट पाहिली. ह्यांच्या वरच्या ओठावर घाम यायला लागला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "टीव्ही लाव ना जरा."

मी उठले आणि लावला. बातम्या चालू होत्या. त्यांनी मानेने आणखी अशी खूण केली, म्हणून आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. तेव्हा त्यांनी वाजवायला घेतलं. मी खुर्ची त्यांच्या गुडघ्याला टेकेल इतकी पुढे ओढली आणि बोटांकडे बघत बसले. ऐकू येत नव्हतं.