मुडद्याने चोरी केली नाही तेव्हा

झाईच्या किनाऱ्यावर सकाळचा पहिला आवाज समुद्राचा नसतो. मनोरमाचा असतो.

"मुडद्याऽऽ! तंगडी मोडली तुझी! आलास का परत?"

हा आवाज आला की पलीकडच्या आळीत चहाचं आधण चढतं. गेली सहा वर्षं हा नेम आहे.

मनोरमा सत्तावन्न वर्षांची. जन्म झाईचा, सासर झाईचंच. वरात निघाली तीन आळ्या ओलांडून, त्यामुळे वाजंत्र्यांना एकच गाणं धड वाजवता आलं, असं ती स्वतःच सांगते. नवरा बोटीवर असतो, मुलगा प्रवीण गुजरातच्या हद्दीत उंबरगावला कारखान्यात. मनोरमाचं राज्य वाळूत: बोंबील वाळवायच्या वलांडीवर. उभे बांबू, त्यांना आडव्या बांधलेल्या दोऱ्या, एकावर एक पाच. ओला बोंबील दोरीवर असाच टाकला तर सटकतो. म्हणून दोन घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. नवव्या वर्षापासून मनोरमा हेच करत आली आहे. तिचे हात जोड्या लावत असतात तेव्हा तोंड भांडत असतं, डोळे आभाळाकडे असतात आणि कान शेजारच्या हिराबाईच्या वलांडीकडे. एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही.

आता मुडद्या. मुडद्या म्हणजे बोका. केशरी, एक कान फाटका, चेहरा कायम नुकताच झोपमोड झालेल्या साहेबासारखा. बोटीवरून उतरवलेल्या जाळ्याच्या ढिगातून पिल्लू असताना निघाला आणि तेव्हापासून मनोरमाच्या वलांडीला लागला. रोज एक बोंबील. जास्त नाही, कमी नाही. सगळ्यात खालची दोरी, डावं टोक, डावा पंजा. त्यात गंमत अशी, की जोडीतला एक ओढला की पलीकडचा आधार सुटून वाळूत पडतो. सकाळी वाळूत एकटा बोंबील दिसला, की समजायचं मुडद्या येऊन गेला. मनोरमा तो उचलायची, झटकायची आणि आवाज लावायची. उठून त्याच्या मागे मात्र ती कधीच धावली नव्हती. हे हिराबाईच्या लक्षात आलं होतं.

"पाळलायस तर पाळलायस म्हण ना गं!"

"मी? मांजर? मी बोंबील वाळवते, हिरे. चोर पाळायला मला येड लागलंय?"

रविवारी सकाळी वासुदेव मास्तर बोर्डीहून स्कूटरवर यायचे. डहाणूच्या शाळेतून निवृत्त झालेले. सुके बोंबील घ्यायचे आणि मांजरांची माहिती द्यायची, हा त्यांचा रविवार. माहितीआधी घसा खाकरायचा, तीन वेळा, जणू फळ्यावर डस्टर आपटतायत. हं. हं. हं.

"मनोरमाताई, विज्ञान असं सांगतं, की केशरी मांजर शंभरात ऐंशी वेळा बोकाच असतो."

"आणि तीनरंगी असली तर मादी. त्याला इज्ञान कशाला, शेपूट वर केली की दिसतंय."

हं. हं. हं. "बोके बहुधा डावखुरे असतात."

"डावराच हाय मेला. सहा वर्षं डावंच टोक जातंय माझं."

एकदा मास्तर घरचा पिकलेला चिकू घेऊन आले. मांजराला गोड चव कळतच नाही, हे त्यांना प्रयोगाने दाखवायचं होतं. मुडद्याने चिकू हुंगला, मास्तरांकडे पाहिलं आणि चिकूवर वाळू लोटायला लागला, जशी नको त्या गोष्टीवर लोटतात. त्या दिवशी हिराबाई हसता हसता टोपलीवरच बसली.

एकच माहिती मनोरमाने पुन्हा विचारून घेतली होती. मास्तर म्हणाले होते, "मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत. म्याव असतं ते आईसाठी, पिल्लू असताना. आणि मोठेपणी माणसासाठी."

मनोरमाचे हात जोडी लावता लावता थांबले. "म्हणजे हा रोज संध्याकाळी येऊन ओरडतो, तो मला ओरडतो?"

"तुम्हालाच."

"आणि मी त्याला शिव्या घालते." मग जरा वेळाने, "घालायलाच पायजेत."

तर डिसेंबरातल्या एका शनिवारी वाळूत एकटा बोंबील नव्हता.

मनोरमाने खालची दोरी पाहिली. सगळ्या जोड्या जागेवर. डावं टोकही. आवाज लावायला तिने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. पलीकडच्या आळीतून कुणीतरी हाक मारून विचारलं, "मनोरमाकाकी, आज घड्याळ बंद पडलं का?"

हिराबाईला तर उधाणच आलं. "सुधारला गं तुझा चोर! उपास धरलाय. शनिवार हाय ना आज!"

"बरं झालं. सुटले," मनोरमा म्हणाली. दिवसभरात हे ती चार वेळा म्हणाली, त्यातलं एकदाही तिला कुणी विचारलं नव्हतं.

रविवारीही एकटा बोंबील नव्हता. मनोरमा वलांडीवरून निघाली आणि तुटक्या होडीच्या मागे गेली. मुडद्या तिथे होता. वाळू उकरत होता. खड्डा केला, बसला, शेपूट ताणली, उठला. दुसरा खड्डा. परत बसला, परत उठला. मनोरमाने मोजले, सात खड्डे, सातही कोरडे. जो बोका दिवसाचे चार तास स्वतःला चाटून चकचकीत ठेवायचा, त्याची पाठ वापरलेल्या काथ्याच्या ब्रशासारखी उभी राहिली होती. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्ध्यावर आला होता. आणि मधेच थांबून तो मागे वळून पोटाखाली चाटत होता, नुसतं चाटत होता.

हिराबाई मागोमाग आलीच. "पोट साफ होत नसेल. एरंडेल पाज. नायतर थांब, माझ्याकडे तापाची गोळी हाय, अर्धी देऊ."

"माणसाची गोळी मांजराला? त्याचा झुरळाचा नाश्ता तुला देऊ का उद्या?"

तेवढ्यात स्कूटर वाजली. मास्तरांनी गुडघे धरून वाकून पाहिलं. मुडद्याच्या घशातून बारीक घरघर येत होती. मास्तरांचा चेहरा उजळला. हं. हं. हं. "काळजी नको. घुरघुरतोय. मांजर घुरघुरतं म्हणजे खुशीत असतं."

मनोरमाने मुडद्याच्या पोटाला बोट लावलं. पोट कच्च्या पेरूसारखं कडक होतं. मुडद्याने तोंड उघडून तिच्याकडे पाहिलं आणि एकदाच म्याव केलं, जाड आणि फाटकं.

"हा खुशीत नाय, मास्तर," ती म्हणाली. "हा मला सांगतोय."

आता पंचाईत अशी, की बोट नुकतीच लागली होती. ओल्या बोंबलाच्या तीन पाट्या वाळूत येऊन बसल्या होत्या आणि बोंबील कुणासाठी थांबत नाही. ऊन चढायच्या आत दोरीवर गेला नाही तर दुपारी त्याचा चिखल. मनोरमाने पाट्यांकडे पाहिलं. मग चौथी, रिकामी पाटी उचलली, तिच्यात जुनं लुगडं अंथरलं, मुडद्याला त्यात ठेवलं, वरून जाळ्याचा तुकडा बांधला आणि रस्त्याकडे निघाली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"अगं, आणि हे?" हिराबाई ओरडली.

"सडू दे!"

मास्तरांनी फोन काढला. "रुपल डॉक्टर माझीच विद्यार्थिनी. सातवी ब. डहाणूला दवाखाना आहे तिचा, रविवारी एकपर्यंत असते. मी सांगतो तिला."

जिग्नेश रिक्षावाला अर्धं वाक्य मराठीत सुरू करतो आणि अर्धं गुजरातीत सोडून देतो. पाटी पाहून तो म्हणाला, "मासी, मच्छी पाछळ ठेव ने, वास मारते."

"मच्छी नाय. बोका हाय."

"बिलाडो? डहाणू सुधी?" त्याने जाळीतून डोकावून पाहिलं. मुडद्या एरवी कुणावरही गुरगुरायचा, आज त्याने डोळेही फिरवले नाहीत. जिग्नेशने गाणं बंद केलं. "बेसो, मासी. जल्दी बेसो."

घोलवडपर्यंत मनोरमा पाटी मांडीवर घट्ट धरून बसली. घोलवडच्या पुढे मुडद्याने पिवळी उलटी केली, तेव्हा तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "मर मेल्या, लुगडं घाण केलंस." हे ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज झाईत कुणी ऐकलेला नव्हता. जिग्नेशने आरसा नीट केला आणि खड्डे चुकवत रिक्षा आणखी पळवली.

रुपल डॉक्टर लहान चणीच्या आणि भरभर बोलणाऱ्या. एका हाताने मुडद्याचं पोट चाचपत त्यांनी दुसऱ्या हाताने कागद पुढे ओढला.

"मालकाचं नाव?"

"मालक नाय. चोर हाय तो."

"पेशंटचं नाव?"

"मुडद्या."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मावशी, जिवंत आहे अजून."

"मला माहीत हाय. नावच तसं हाय."

"वय?"

"होळीला सहा पुरी होतील."

"शेवटचं कधी खाल्लं?"

"शुक्रवारी, चारच्या सुमाराला. मांदेलीची दोन डोकी. तिसरं हुंगलं आणि सोडलं."

"शेवटची लघवी?"

"शुक्रवारीच, दिवा लावायच्या वेळेला. तुटक्या होडीच्या मागे. बोटाच्या पेराएवढा ओला डाग, बस. काल दिवसभर बसून उठतोय, येत काय नाय. आज सात खड्डे. उलटी काल दोनदा, आता रिक्षात एकदा."

डॉक्टरांनी मान वर केली. "मावशी, मांजराला गादीवर झोपवणारे लोक येतात माझ्याकडे. त्यांना यातलं निम्मंही सांगता येत नाही."

"चोरावर नजर ठेवायला लागते," मनोरमा म्हणाली.

डॉक्टरांनी मुडद्याचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू जागेवर गेली. "पाणी कमी पडलंय अंगात. आणि लघवी अडकलीय. बोक्यांची नळी फार बारीक असते, वाळूसारखा चुरा जमला की बंद. लोकांना वाटतं पोट साफ होत नाही, एरंडेल पाजतात, दोन दिवस थांबतात, आणि मग उशीर होतो. गोळीबिळी दिली नाही ना माणसाची?"

"नाय."

"तापाची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते. आता भूल देऊन नळी घालावी लागेल. उद्या आणला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. आजही खात्री देत नाही. इथे सही करा."

मनोरमाने कागद पाहिला. "इथं मालक लिहिलंय. दुसरं काय लिहिता येत नाय?"

"मासी," जिग्नेश दारातून कळवळून म्हणाला, "सही कर ने! बिलाडो वाचू दे पहेला!"

मनोरमाने सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, एकेक अक्षर दाबून, अशी की खालच्या तीन कागदांवर उमटली.

मग आत दार बंद झालं. जिग्नेशने खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. उभी राहिली आणि तिचे हात चालू झाले. उजव्या हाताचं बोट डाव्या हाताच्या बोटात अडकवायची आणि जोडी हवेत टाकायची. अडकवायची, टाकायची. दवाखान्यात पोपट घेऊन आलेला एक माणूस तिच्याकडे बघत राहिला. पोपटही.

मास्तरांचा फोन आला. "ताई, मी म्हणतो तो घुरघुरत होता, म्हणजे फार काही..." तेवढ्यात दार उघडलं आणि हातमोजे काढत डॉक्टर बाहेर आल्या. मनोरमाने फोन त्यांच्याच कानाला लावला. शिकवायचं ते मास्तरांनाच शिकवा, अशा थाटात.

"सर, दुखत असलं तरी मांजर घुरघुरतं. स्वतःला धीर देतं ते." मग मनोरमाकडे बघत म्हणाल्या, "मोकळा झालाय. वाटीभर निघालं. तीन दिवस इथे राहू दे."

फोनमध्ये तीन खाकरे ऐकू आले. "लिहून घेतो," मास्तर म्हणाले.

मनोरमा मग खुर्चीवर बसली. हात मांडीवर गप्प पडले.

परत आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तीनही पाट्या रिकाम्या होत्या आणि दोऱ्या भरलेल्या. हिराबाईने स्वतःचं लावून झाल्यावर हिचंही लावलं होतं. मनोरमाने दोरीवरून नजर फिरवली.

"जोड्या सैल लावल्यास."

"वाचला का?"

"वाचला."

"मग लाव तुझ्या तू घट्ट!" हिराबाई म्हणाली आणि नाक पुसत निघून गेली.

बुधवारी मुडद्या जिग्नेशच्या रिक्षातून घरी आला, फुकट, कारण रिक्षावाल्याने "पेशंट छे" म्हणून ऐकूनच घेतलं नाही. सोबत डॉक्टरांचा हुकूम होता: पाणी भरपूर, मासळी उकडून, पाण्यासकट, मिठाशिवाय, कांदा-लसूण अजिबात नाही आणि सुकं बंद. मनोरमाने अंगणात तीन ठिकाणी पाण्याची भांडी मांडली. मुडद्या तिन्ही सोडून तिच्या पाय धुवायच्या बादलीतलं प्यायचा. मग तिने बादलीतलं पाणीच दिवसातून तीनदा बदलायला सुरुवात केली. रोज सकाळी होडीमागे जाऊन ती ओले डाग बघायची आणि डागाची मापं हिराबाईला सांगायची. हिराबाई म्हणायची, "मला जेवू दे गं." मास्तरांनी वहीत 'घुरघुर' या शब्दापुढचं 'आनंद' खोडून 'मनोरमाताईंना विचारणे' असं लिहिलं, आणि तसं लिहिल्याचं स्वतःच येऊन सांगितलं.

पण खालची दोरी अजून पूर्णच होती. मुडद्या खायचा, प्यायचा, झोपायचा. वलांडीकडे बघायचासुद्धा नाही. दहा दिवस गेले. मनोरमा रोज सकाळी डावं टोक बघायची आणि काही न बोलता कामाला लागायची. पलीकडच्या आळीत चहाला उशीर व्हायला लागला.

अकराव्या सकाळी वाळूत एकटा बोंबील पडला होता.

मनोरमाने तो उचलला. झटकला. फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिला. मग समोर पाहिलं. तुटक्या होडीवर मुडद्या उभा होता, फाटका कान ताठ, अंग चकचकीत, तोंडात दुसरा बोंबील.

"मुडद्याऽऽऽ! तंगडी मोडली तुझी! सुकं बंद सांगितलंय ना तुला डॉक्टरनं!"

आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या मागे धावली. पदर खोचून, सत्तावन्न वर्षांचे गुडघे घेऊन, वाळू उडवत, होडीला वळसा घालून, दुसरा वळसा घालून. वलांडीवरच्या सगळ्या बायका काम टाकून बघत राहिल्या. तिसऱ्या वळशाला तिने त्याला पकडलं आणि त्याच्या तोंडातून बोंबील ओढून काढला. मुडद्या तिच्या काखेत लोंबकळत होता आणि मोठ्यांदा घुरघुरत होता.

"काय गं," हिराबाईने लांबूनच विचारलं, "कुणाचा हाय बोका?"

मनोरमाला दम लागला होता. तिने आधी काखेतल्या बोक्याच्या पोटाला बोट लावून पाहिलं. मऊ होतं.

"सही केलीय मी," ती म्हणाली. "डहाणूला जाऊन वाच."

पलीकडच्या आळीत चहाचं आधण चढलं.