खुरट्या पंखांची माशी

प्रयोगशाळेत आज फळमाश्यांसाठी केळ्याचा लगदा शिजत होता. त्या गोड, आंबूस वासाने मला धाड गावातल्या आमच्या घरी नेलं.

कॉलेजात असताना मी घरी बाटलीत फळमाश्या वाढवायचे. पहिली बाटली आईने फेकली, मी दुसरी भरली. पंखवाल्या आणि खुरट्या पंखांच्या माश्या एकत्र ठेवल्या. पिल्लं सगळी पंखवाली झाली, पण नातवंडांत काही पुन्हा खुरटी निघाली.

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. बाजारात केळी विकून आलेल्या बाबांच्या हाती मी भिंग दिलं आणि बाटली पुढे केली.

"इवल्याशा माशीत पंख कोन ठरवते, पोरी?"

"तेच शिकाले पुण्याले जायचं हाय मले."

त्यांनी भिंग पुन्हा माशीवर धरलं. "मंग जाय," म्हणाले.

तेव्हा वाटलं, माझा हट्ट जिंकला. आज कळतं, उत्तर त्यांनाही हवं होतं.