टेबलावर मेलेल्या पेशी

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या एका इस्पितळात झग्लूल तीस वर्षं रोग्यांच्या अंगातून तपासणीसाठी काढलेले मांसाचे तुकडे मेणात बसवून त्यांचे पापुद्र्यासारखे काप काढत होता. काप काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि मान खाली घालून प्राध्यापक शुकरींपुढे ठेवायचे.

"ताण पडला की पेशी आधी जुळवून घेते," शुकरीसाहेब दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगत. "आकसते, फुगते, रूप पालटते. झेपलं नाही की जखमी होते, पाणी धरते. तेवढ्यात ताण हटला तर सावरते, नाहीतर मेली." आकसण्याचं उदाहरण म्हणून ते दारातल्या झग्लूलकडे बोट दाखवत. विद्यार्थी हसत. झग्लूलही हसे, जुळवून घेणं त्याला पुस्तकावाचून जमलं होतं.

त्या वर्षी रमझान ऐन जुलैत आला. पावाची भट्टी चालवणाऱ्या नफीसाबाईंच्या आतड्याचा कापलेला तुकडा झग्लूलच्या हाती पडला आणि उपास सोडायची तोफ झाली. तुकडा वाडग्यात तसाच कोरडा टाकून गडी पळाला. खजूर, सूप, कुनाफ्याची मिठाई, मग जरा पाठ टेकली. तुकडा टिकवणारं फॉर्मलिन ओतलं तेव्हा तीन तास उलटले होते.

तिसऱ्या सकाळी शुकरीसाहेब सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता गरजले, "पार कापल्या कडेपर्यंत सगळं मेलेलं, म्हणजे पोटात अजून उरलंय! सर्जनला कळवा, आजच पुन्हा पोट उघडा, आणखी वीतभर कापा."

झग्लूलनं बोलावं तर त्याची नोकरी जाणार; गप्प बसावं तर त्या बाईचं धडधाकट आतडं.

"साहेब, त्या पेशी बाईंच्या पोटात नाही मेल्या. माझ्या टेबलावर मेल्या."

"काय बरळतोस?"

"तोफ झाली, मी जेवायला गेलो. फॉर्मलिन राहिलं. जिवंत अंगात काही मेलं की पांढऱ्या पेशी मयताला माणसं जमावीत तशा जमतात ना? बघा, एक तरी आलीय का?"

"गाढवा! तीस वर्षांत हेच शिकलास?"

"तुमच्याच हाताखाली, साहेब."

शुकरीसाहेब पुन्हा काचेवर वाकले. काच या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवली; पांढरी पेशी एकही नव्हती. मग म्हणाले, "मला संशय होताच."

शस्त्रक्रिया टळली. चौथ्या दिवशी नफीसाबाई खाटेवरूनच सुनेला भट्टीबद्दल झापू लागल्या, म्हणजे बऱ्या झाल्या. झग्लूलची रवानगी तळघरात बरण्या धुवायला झाली.

पुढच्या तासाला साहेबांनी तीच काच दाखवली. "असली फसवी काच ओळखायला नजर लागते, बरं का." मग आकसण्याचं उदाहरण द्यायला सवयीनं दाराकडे बोट उचललं. दारात कुणीच नव्हतं; का ते सगळ्या इस्पितळाला ठाऊक होतं. विद्यार्थी बोटाकडे न बघता साहेबांकडेच बघत राहिले.