डोहाला खोटं नाव सांगितलं

आधीच सांगून टाकतो, अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव आणि भुतं एकाच दिवशी बाहेर काढली होती, आणि आम्ही त्याच हवेत वाढलो. मी शिक्षक आहे, वर्गात पोरांना लिंबू-मिरचीची फजिती सांगून हसवणारा. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून कमेंटमध्ये टिंगल करणाऱ्यांतही मी होतो... तर आता माझी पाळी.

माझी मुलगी इशा, वय नऊ. मागच्या उन्हाळ्यात आम्ही बापलेकींनी एक ऑस्ट्रेलियन सिनेमा पाहिला, हिंदीत डब केलेला. दोन भावंडं तिथल्या रानात हरवतात आणि त्यांना एक आदिवासी म्हातारा भेटतो. अंगावर पांढरे पट्टे. तो पोरांना पाणवठ्यावर नेतो, चिमूटभर माती पाण्यात टाकतो आणि पाण्याला सांगतो की ही कोणाची कोण. त्याशिवाय तिथला पाण्याचा राखणदार मोठा साप परक्याला ओळखत नाही म्हणे. इशाने तो सिनेमा चारदा पाहिला. माझ्या डोक्यात किडा वळवळला, की असाच एक छोटा सिनेमा आपल्या पोरांना घेऊन काढू. बालचित्रपटांची एक स्पर्धाही होती.

जागा हवी म्हणून केनवडच्या पुढे आत चार-पाच किलोमीटरवर एका नाल्यातला डोह पाहायला गेलो. तिथे शेळ्या चारणारा, आंध या आदिवासी जमातीतला एक म्हातारा भेटला. वाशीमला मास्तर आहे एवढं सांगून मी पाण्याकडे निघालो तर म्हणे, "थांबा मास्तर." माझ्या पायाखालची चिमूटभर माती उचलून त्याने डोहात टाकली आणि पुटपुटला, "वाशीमचे मास्तर हायेत, पाहुणे हायेत." विचारलं तर म्हणाला, "आमच्या घरची रीत हाये. नवा मानूस आला का पान्याले सांगा लागते."

मी उडालोच! सिनेमात पाहिलं तेच, तेही आपल्या वाशीम जिल्ह्यात. खरं तर तिथे मला काहीतरी वाटायला हवं होतं. मला वाटलं फक्त इतकंच — फुकटात ॲक्टर मिळाला.

रविवारी सकाळी इशा आणि माझ्या वर्गातली सहा पोरं घेऊन गेलो. मोबाइल स्टँडवर लावला. म्हातारा धोतर-बंडी घालून, डोक्याला स्वच्छ फेटा बांधून आला होता. मला ते "आदिवासी" वाटेना! मी बंडी काढायला लावली. मैदानाच्या रेघा आखायची चुन्याची फक्की शाळेतून आणली होती, ती पाण्यात कालवून त्याच्या छातीवर, हातांवर, गालांवर पट्टे ओढले. पोरं खिदळत होती. मीही हसलो, "आता दिसला खरा" असं काहीतरी बोललो.

"मास्तर, हे चरचरून राह्यलं," तो म्हणाला.

"दोनच मिनिटं बाबा."

दोन मिनिटांचा पाऊण तास झाला. लिहिताना आत्ताही कान गरम होतात.

मग इशाचा सीन. सिनेमातलं तिचं नाव मैना. म्हाताऱ्याने तिच्या पायाखालची माती घेतली आणि थांबला.

"हिचं नाव इशा हाये ना? मंग मैना कायले सांगू?"

"पिच्चर हाये बाबा. कोणतंबी नाव चालते."

"पिच्चरले चालत असन. पान्याले नाई चालत. हे नका करू मास्तर."

ऊन वाढत होतं, दोन टेक वाया गेले होते. पोरांसमोर मी आवाज चढवला, "तुम्हाला काय सांगितलं तेवढं करा ना. अंधश्रद्धा घरी ठेवा." त्याने मान खाली घालून माती टाकली आणि म्हणाला, "ही मैना." टेक एकदम मस्त झाला. तो पलीकडे जाऊन अंग धुवायला लागला, मी पोरांना बिस्किटं वाटायला वळलो. सहा पुडे गेले, सातवा हातातच राहिला. इशा नव्हती.

डोह काही फार मोठा नाही. काठावर एक सपाट खडक, बाकी विरळ बाभळी. लपायला जागाच नाही. आम्ही हाका मारल्या, झुडपं पाहिली. मी पाण्यात छातीपर्यंत उतरून पायाने तळ चाचपला... त्या वेळी मनात काय आलं ते बापांनी ओळखावं. अर्धा तास गेला. त्या खडकावरून मी दहा वेळा तरी इकडून तिकडे झालो असेन.

शेवटी मी म्हाताऱ्यासमोर हात जोडले. अंधश्रद्धा-बिंधश्रद्धा सगळी कुठल्या कुठे पळाली. पाण्यात शोधणं सोडून तो ओल्या अंगाने तसाच आला. छातीवर पट्ट्यांच्या जागी लालभडक वळ. इशा उभी होती तिथली माती त्याने उचलली आणि मला विचारलं, "बापाचं नाव काय?" दोन भेटी झाल्या, अंगावर रेघा ओढून पाऊण तास त्याला उभं ठेवलं, पण मी त्याला माझं नाव सांगितलं नव्हतं. त्याचंही विचारलं नव्हतं. सांगितलं. ते नाव घेऊन तो पाण्याला म्हणाला, "हे इशा हाये. या मास्तरची पोरगी. आमचं चुकलं."

आमचं म्हणाला तो.

"पप्पा." इशा खडकावर बसली होती. पाय पाण्यात, कपडे कोरडे. मी तिला उचललं तर वैतागून म्हणाली, "मी इथंच तं होती. तुमीच कोण्या इशाले बोलावून राह्यले होते. मले वाटलं दुसरी कोणी पोरगी हरवली."

तिला आणि बाकीच्या पोरांना घेऊन मी गाडीत बसलो आणि निघून आलो. म्हाताऱ्याला सॉरीसुद्धा म्हटलं नाही. आजोबांनी देव सोडले ते माणसाला माणूस म्हणून जगता यावं म्हणून. मी त्यातलं देव सोडणं तेवढं उचललं.

तीन आठवड्यांनी माफी मागायला परत गेलो. तो म्हणाला, "पोरगी भेटली ना, झालं मंग. बसा." चहा पाजला. नाव विचारलं, त्याने सांगितलं. इथे लिहीत नाही, कारण लिहू का असं त्याला विचारलेलं नाही.

मोबाइल त्या दिवशी स्टँडवर चालूच राहिला होता. तो व्हिडिओ मी घरी एकट्याने पाहिला. इशा पूर्ण वेळ खडकावर बसलेली दिसते. मी हाका मारत तिच्या शेजारून जातो, एकदा तर तिच्या खांद्याला घासून जातो, आणि ती मान वर करून माझ्याकडे बघते. कसं, ते मला सांगता येत नाही. सायन्सच्या सरांना विचारावं म्हटलं तर व्हिडिओ दाखवावा लागेल.

तुम्हीही मागाल. पण तो सलग आहे. आधीचा पाऊण तास त्यातच आहे, फक्कीचा डबा, पोरांचं हसणं, माझा चढलेला आवाज. एकदा तेवढा भाग कापायला बसलो होतो. इशा मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, बाबाले काहून कापून राह्यले?"

मोबाइल बंद केला. काहीच कापलं नाही.