डोळे मिटण्याची परीक्षा

वर्ग सुरू झाला की अक्का आधी दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवायच्या, कॅमेऱ्यात दिसतील असे. मग मुलांना एकदा कन्नडमध्ये आणि एकदा इंग्रजीत सांगायच्या, थोडं थांबूया. आणि गप्प बसायच्या. लगेच चॅटमध्ये ओळी धावू लागायच्या. मॅम, आवाज येत नाही. मॅम, नेट गेलं. मॅम, तुम्ही अडकलात. चॅटला उत्तरं देणं हे माझं काम. मी लिहायचे, नेट ठीक आहे, मॅम गप्प बसल्या आहेत. एवढं शिकून हे लिहायला मी पुणं सोडून बंगळुरूला आले, असं तेव्हा रोज मनात यायचं.

आमची कंपनी ऑनलाइन शिकवण्या घेते. हेब्बाळला ऑफिस आहे, काचेच्या छोट्या छोट्या खोल्या आहेत. एका खोलीत एक शिक्षक आणि चॅट सांभाळायला माझ्यासारखी एक. दिवसभर ओरडून बोलणारी माणसं काचेपलीकडे नुसती तोंडं हलवताना दिसतात. संध्याकाळी घरी गेल्यावर कुणी काही बोललं तरी नको वाटतं.

अक्का मूळच्या निपाणीकडच्या. लग्न होऊन राजाजीनगरला आल्या, तिथल्या एका शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्या आणि मग आमच्याकडे दहावीचं गणित शिकवायला लागल्या. त्यांच्याकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषांसारखंच बोलतात. पहिल्याच दिवशी माझ्या पाठीमागून आवाज आला, "मी आधी डबा खातो, मग बोलूया की." मी वळून पाहिलं तर समोर हिरव्या इरकली साडीतल्या बाई, हातात डबा.

तुम्हाला वाटेल, बाई ध्यानधारणेतल्या असणार. मुळीच नाही. डब्यातली लसणाची चटणी सगळ्यांना वाढता वाढता त्या ऑफिसातल्या एकूण एक माणसाची टिंगल करायच्या, माझीही. माझ्या कानातली ती इअरफोनची पांढरी बोंडं बघून विचारायच्या, "हे झोपताना तरी काढतीस का गं?"

एकदा मी विचारलंच, हे गप्प बसणं कशासाठी.

"मुलाला वर्गात यायला वेळ लागतोय की गं," त्या म्हणाल्या. "जिना चढतंय, बाकावर बसतंय, शेजारच्याला एक कोपर मारतंय, मग कुठं ते येतंय. इथं बोट लावलं की आलं. आलं म्हणजे काय, नाव आलं. पोरगं अजून मागच्या व्हिडिओतच असतंय."

हळूहळू मुलांना सवय झाली. चॅट थांबलं. शहराबाहेरच्या आनेकलची एक मुलगी वडिलांच्या फोनवरून वर्गाला बसायची. त्या फोनचा माइक बिघडलेला, बंदच व्हायचा नाही. मग त्या शांततेत आम्हाला तिचं घर ऐकू यायचं. कुकर, बाहेरची बस, कुणाचं तरी खेकसणं. अक्का कान देऊन ऐकायच्या आणि मला हळूच म्हणायच्या, "आज तिच्याकडं काहीतरी बिनसलंय बघ. पहिला प्रश्न तिला नको." हे सगळं मी स्वतः पाहिलंय, म्हणून सांगते.

मॅनेजरला मात्र ही शांतता खुपायची. त्याच्या आलेखात वर्गाच्या सुरुवातीलाच रेघ खाली पडायची. मुलं इथेच गळतात, असं तो हिंदीत समजावून सांगायचा. अक्का सगळं ऐकून घ्यायच्या, "सरी", म्हणजे बरं, म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात टेबलावर. त्या कधी भांडल्या नाहीत. भांडायला जी ताकद लागते ती त्या शिकवायला राखून ठेवत असाव्यात.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की आता सगळ्या शिक्षकांनी आणि आम्हीही मनाच्या सजगतेचा कोर्स करायचा. तोही ऑनलाइन, कामाच्या वेळात, आणि तो पुरा केल्याशिवाय शिक्षकांना वर्ग नाहीत. एक मऊ आवाजाची बाई पडद्यावर यायची, डोळे मिटायला सांगायची, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगायची. आणि माऊस काही वेळ हलला नाही, तर माणूस उठून गेला असं धरून कोर्स आपोआप पहिल्या भागावर जायचा.

आम्हाला काही फरक पडला नाही. आम्ही एका कोपऱ्यात ती बाई चालू ठेवली आणि दुसरीकडे मेल लिहीत बसलो. आमच्या रांगेतल्या एकानं तर शोध लावला होता की मनगटी घड्याळाच्या फिरत्या काट्यावर माऊस ठेवला की पडद्यावरचा बाण आपोआप थरथरत राहतो. ते घड्याळ टेबलाटेबलावर फिरलं. सगळे पास झालो. सजगतेत उत्तम, असं प्रमाणपत्र माझ्याकडेही आहे.

नापास झाल्या एकट्या अक्का.

"असं कसं हे, बघ की," त्या मला सांगत होत्या. "तीच म्हणाली डोळे मीट. मी मिटलो. उघडून बघतो तर परत पहिल्यापासून." त्यांनी ते बऱ्याचदा केलं होतं आणि चूक आपलीच असणार असं धरून चालल्या होत्या. मी त्यांना माऊसचं सांगितलं. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं.

"म्हणजे मिटल्यासारखं करायचं," त्या म्हणाल्या.

"हो अक्का. द्या, मी करून टाकते."

"आणि नाही केलं तर?"

"तुमची मुलं दुसऱ्या सरांकडे जातील."

मुलांची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. त्यांनी माऊस मला दिला नाही. त्या दुपारी त्या स्वतःच बसल्या, डोळे सताड उघडे, ओठ घट्ट मिटलेले, आणि ती बाई मिटा म्हणाली की माऊस थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. अशा त्या पास झाल्या. मॅनेजरनं सगळ्यांसमोर अभिनंदन केलं. अक्का "सरी" म्हणाल्या. मला त्या इतक्या म्हाताऱ्या याआधी कधी दिसल्या नव्हत्या.

पण मुलांसाठीचं थांबणं त्यांनी सोडलं नाही. परीक्षेपर्यंत रोज थांबल्या. ज्यासाठी तो माऊस हलवला ते तरी खरं राहू दे, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. आनेकलची मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिचा फोन आला तेव्हा अक्का तिच्याशी कन्नडमध्ये खूप वेळ बोलत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "आता मी जातो गं."

मला वाटलं, घरी निघाल्या. त्या कायमच्या निघाल्या होत्या. नव्या वर्षापासून तोच कोर्स मुलांनाही द्यायचं ठरलं होतं, गुणांसकट.

"मी केलो ते केलो," त्या म्हणाल्या. "मुलांना मी नाही शिकवणार ते. डोळे मिटल्याचं सोंग कसं करायचं, एवढंच शिकतील ती."

मी थांबा म्हटलं नाही. मी तरी कुठे थांबवण्याच्या जागी आहे. खाली बसस्टॉपपर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि परत येऊन लॉगिन केलं.

आता त्यांच्या जागी कुणी नाही. त्यांच्याच जुन्या वर्गांची रेकॉर्डिंग नव्या मुलांना दाखवतात. मुलांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यातल्या न बोलण्याच्या रिकाम्या जागा एक प्रोग्राम आपोआप कापून टाकतो. परवा कामासाठी मी एक तास लावला. अक्का बोलत होत्या, नुसत्या बोलत होत्या, एका वाक्याला लागून दुसरं. प्रश्न विचारत होत्या आणि कुणाला सुचायच्या आत स्वतःच उत्तर देत होत्या. या बाईला मी कधी घाईत पाहिलं नव्हतं.

खाली एका नव्या मुलानं लिहिलं होतं, मॅम छान शिकवतात, पण श्वास कधी घेतात?

बाकीच्या सगळ्यांना मी उत्तरं दिली. त्याचं तेवढं तसंच राहिलंय.